मातीच्या थराची उलटतपासणी

उत्तर अमेरिकेत ठिकठिकाणी उत्खनन करताना जमिनीच्या पोटात एक काळसर थर आढळतो. ॲरिझोना राज्यातील मरे स्प्रिंग्ज येथे तो इतका ठळक आहे की, खणलेल्या चराच्या भिंतीवर कोणी काजळाची रेघ ओढावी तसा तो दिसतो. त्याच्या खाली मॅमथ या प्रचंड हत्तीची हाडे सापडतात आणि त्याची शिकार करणाऱ्या क्लोव्हिस लोकांच्या भाल्यांची दगडी पातीही सापडतात. थराच्या वर मॅमथ नाही आणि ती पातीही नाहीत. या थराचा आरंभ आजपासून सुमारे १२,९०० वर्षांपूर्वीचा मानला जातो. नेमक्या त्याच सुमारास, हिमयुग ओसरून उबदार होत चाललेले हवामान एकाएकी पुन्हा गारठले आणि तो गारठा हजार-बाराशे वर्षे टिकला. थंड प्रदेशात उगवणाऱ्या एका रानफुलाच्या नावावरून भूशास्त्रज्ञांनी या कालखंडाला ‘यंगर ड्रायस’ असे नाव दिले आहे.

हा गारठा का आला, याचे रूढ स्पष्टीकरण असे की, उत्तर अमेरिकेवरील हिमस्तराचे वितळलेले गोडे पाणी अफाट प्रमाणात अटलांटिक महासागरात लोटले आणि उत्तरेला ऊब पोहोचविणारे सागरप्रवाह त्यामुळे मंदावले. २००७ साली मात्र अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात रिचर्ड फायरस्टोन व त्यांचे पंचवीस सहकारी यांनी एक निराळाच आरोपी उभा केला. एखादा धूमकेतू किंवा त्याचे तुकडे उत्तर अमेरिकेच्या आकाशात फुटले; त्या स्फोटाने हिमस्तर खिळखिळा झाला, वणवे पेटले, मॅमथ नष्ट झाले आणि क्लोव्हिस संस्कृतीही लयाला गेली, असे त्यांचे प्रतिपादन होते. पुरावा म्हणून त्यांनी पुढे केली ती माती. काळ्या थराच्या तळाशी चुंबकाला चिकटणारे कण, सूक्ष्मदर्शकाखालीच दिसतील अशा गोलाकार गोळ्या, इरिडियम हा दुर्मीळ धातू, कोळसा, काजळी आणि अतिसूक्ष्म हिरे एकत्र सापडतात. वरच्या आणि खालच्या थरांत ते त्या प्रमाणात सापडत नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते.

हा वाद केवळ चार तज्ज्ञांच्या कुतूहलाचा नव्हे. डायनोसॉर नामशेष झाले तेव्हा त्याला साक्षी असा माणूस पृथ्वीवर नव्हता. येथे मात्र मानवजातीच्या डोळ्यांदेखत एका खंडाचे प्राणिजीवन आकाशातून आलेल्या संकटाने उद्ध्वस्त झाले, असा दावा आहे. तो खरा असेल तर अशा आघातांची वारंवारता नव्याने मोजावी लागेल आणि मॅमथच्या नाशाबद्दल माणसाच्या शिकारीवर ठेवला जाणारा ठपका बराचसा पुसावा लागेल. खोटा असेल, तर वर्गात आणि चित्रवाणीवर तो सिद्ध इतिहास म्हणून सांगितला जाणे थांबले पाहिजे. दुर्दैवाने दुसरी गोष्ट फार लवकर घडते आणि पहिल्याची वाट पाहण्याचा धीर फारच थोड्यांना असतो.

तरीही फायरस्टोन यांचा दावा हसण्यावारी नेता येत नव्हता, आणि त्याला कारणही तसेच होते. फायरस्टोन हे कॅलिफोर्नियातील बर्कलीच्या लॉरेन्स प्रयोगशाळेतले. त्याच प्रयोगशाळेने सत्तावीस वर्षांपूर्वी मातीच्या अशाच एका थरावरून जगाला एक अविश्वसनीय वाटणारी गोष्ट पटवून दिली होती.

ती हकीकत अनेकांच्या कानांवर आलेली असते. पण तिच्यातला सर्वांत बोधक भाग सहसा सांगितला जात नाही. इटलीतील गुब्बियो गावाजवळच्या घळीत तांबूस चुनखडकांचे थर एकावर एक रचलेले आहेत. त्यांत एके ठिकाणी जेमतेम एक सेंटिमीटर जाडीची मातीची पट्टी आहे. पट्टीखालच्या चुनखडकात सागरी सूक्ष्मजीवांची मोठमोठी कवचे विपुल. पट्टीच्या लगेच वर मात्र केवळ बारीकसारीक काही उरलेली. वॉल्टर अल्वारेझ या भूशास्त्रज्ञाला प्रश्न पडला तो साधा होता: ही पट्टी साचायला किती काळ लागला असेल? त्यांचे वडील लुईस अल्वारेझ हे १९६८ सालचे नोबेल पारितोषिक मिळविलेले पदार्थवैज्ञानिक. त्यांनी इरिडियम मोजण्याची युक्ती सुचविली. पृथ्वी वितळलेल्या अवस्थेत असताना तिच्यातील इरिडियम लोखंडाबरोबर गाभ्याकडे बुडाले, म्हणून कवचात ते जवळजवळ नाही. अंतराळातून अखंड झिरपणाऱ्या धुळीत मात्र ते असते. तेव्हा धूळ एका ठरावीक गतीने पडते असे धरले, तर पट्टीतील इरिडियमवरून तिचा काळ काढता येईल, असा हा हिशेब होता. फ्रँक असारो आणि हेलन मिशेल या रसायनशास्त्रज्ञांनी नमुन्यांवर न्यूट्रॉनांचा मारा करून मोजणी केली. हिशेब पार कोलमडला. पट्टीत इरिडियम नेहमीच्या सुमारे तीसपट निघाले. डेन्मार्कमधील स्टेव्हन्स क्लिंट येथील त्याच वयाच्या मातीत तर ते सुमारे १६० पट होते.

एवढे इरिडियम आले कोठून? जवळच एखादा तारा स्फोट पावून अतिनवतारा झाला असेल, अशी एक शक्यता होती. तसे असते तर त्या मातीत प्लुटोनियम-२४४ हे समस्थानिकही सापडावयास हवे होते. पृथ्वीच्या जन्माच्या वेळचे ते केव्हाच क्षय पावले असल्याने, सापडले तर ते बाहेरून आलेले असणार हे उघड होते. असारो आणि मिशेल यांनी शोध घेतला आणि ते सापडले! शोध लागला असे कोणालाही वाटावे असा तो क्षण होता. तरी त्यांनी नवा नमुना घेऊन सारी प्रक्रिया पहिल्यापासून पुन्हा केली. या वेळी प्लुटोनियमचा मागमूसही नव्हता. पहिल्या नमुन्यात ते प्रयोगशाळेतील दुसऱ्याच कुठल्या तरी प्रयोगातून मिसळले होते. अतिनवताऱ्याची कल्पना त्यांनी त्याच क्षणी सोडून दिली. दुसऱ्यांदा मोजण्याचा कंटाळा केला असता, तर १९८० साली ‘सायन्स’ या नियतकालिकात भलताच निबंध प्रसिद्ध झाला असता. प्रत्यक्षात प्रसिद्ध झाला तो सुमारे दहा किलोमीटर व्यासाच्या लघुग्रहाच्या आघाताचा.

आणि या निबंधानेही वाद मिटला नाहीच. इरिडियम अंतराळातूनच आले पाहिजे असे नाही, हे १९८३ साली हवाई बेटावरील किलाउआ ज्वालामुखीने दाखवून दिले. त्याच्या उत्सर्जनातील कणांत ते आढळले. मग महाराष्ट्राच्या दृष्टीने जिव्हाळ्याचा असा दुसरा आरोपी पुढे आला. तो म्हणजे सह्याद्रीचा काळा कातळ. आज सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेशावर पसरलेले दख्खनचे लाव्हाथर त्याच सुमारास साचले होते. त्या लाव्हाबरोबर बाहेर पडलेल्या वायूंनीच जीवसृष्टीचा घास घेतला, असे मानणारा पक्ष प्रबळ होता आणि आजही तो निष्प्रभ झालेला नाही.

आघाताचे पारडे जड झाले ते अन्य प्रकारच्या पुराव्यांनी. ब्रूस बोहोर व त्यांच्या सहकाऱ्यांना १९८४ साली अमेरिकेच्या माँटाना राज्यातील त्याच वयाच्या मातीत गारेचे, म्हणजे क्वार्ट्‌झचे, असे कण मिळाले की ज्यांच्यावर अनेक दिशांनी समांतर रेषा उमटल्या होत्या. अशा रेषा प्रचंड धक्क्यानेच उमटतात. शिवाय दख्खनच्या बेसॉल्टमध्ये क्वार्ट्‌झ जवळजवळ नसतेच, त्यामुळे हे कण तिथून उडून आले असे म्हणण्याची सोय नव्हती. अखेर १९९१ साली मेक्सिकोतील युकातान द्वीपकल्पाच्या पोटात गाडले गेलेले, सुमारे १८० किलोमीटर रुंदीचे चिक्शुलुब विवर या घटनेशी जोडले गेले. वास्तविक तेलाचा शोध घेणाऱ्या भूभौतिकतज्ज्ञांनी ते १९७८ मध्येच हेरले होते.

म्हणजे एका सेंटिमीटर मातीवरून काढलेला निष्कर्ष सर्वमान्य व्हायला दहा-अकरा वर्षे लागली. त्या काळात निरनिराळ्या खंडांतील, निरनिराळ्या मतांच्या लोकांनी तीच माती पुन्हा पुन्हा तपासली. आपल्याकडेही हे घडले. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेचे नरेंद्र भंडारी व त्यांचे सहकारी यांना कच्छमधील अंजार येथे दोन लाव्हाथरांमध्ये अडकलेल्या गाळात इरिडियम मिळाले. लाव्हाच्या खालच्या थरांनंतर इरिडियम पडले असेल, तर लाव्हा आधीपासूनच वाहत होता; आघाताने तो सुरू झाला नाही, असा त्याचा अर्थ लावता येत होता. परंतु अंजारला इरिडियमच्या पट्ट्या तीन निघाल्या, आणि आघात तर एकच. २००१ साली दुसऱ्या एका गटाने गाळाचे चुंबकीय गुण व कार्बनचे समस्थानिक तपासून, डायनोसॉरयुगाच्या अंताची सीमा अंजारला मुळी नाहीच, असा निर्वाळा दिला. माती एक, पण तिची साक्ष प्रत्येक पद्धतीला वेगळी ऐकू आली.

साक्षीदार तटस्थ असूनही वकील कसे अडून बसतात याचा मासला ट्युनिशियात पाहावयास मिळतो. तेथील एल केफ या ठिकाणी सागरी सूक्ष्मजीव एकदम नष्ट झाले, असे यान स्मिट म्हणत. आघाताच्या आधीपासून ते हळूहळू नाहीसे होत होते, असे गेर्टा केलर म्हणत. दोघेही आपापल्या क्षेत्रातील जाणते. तेव्हा रॉबर्ट गिन्सबर्ग यांनी तोडगा काढला. नमुने कोणत्या थरातील आहेत हे न सांगता ते चार स्वतंत्र तज्ज्ञांकडे पाठविण्यात आले. १९९४ साली निकाल हाती आला तेव्हा गंमत अशी झाली की, दोन्ही पक्षांनी आपलाच विजय झाला असे जाहीर केले. प्रत्येक परीक्षकाला काही जाती सीमेच्या आधीच गायब झालेल्या दिसल्या होत्या, हे केलर यांच्या पथ्यावर पडले. पण एकाला न दिसलेल्या जाती दुसऱ्याला सीमेपर्यंत सापडत होत्या. दुर्मीळ जाती थोड्याशा मातीत हाती न लागणे स्वाभाविकच आहे, असे स्मिट यांचे उत्तर होते, आणि ते अधिक सयुक्तिक वाटते. तथापि अशा परीक्षेचे मोल निकालापेक्षा तिच्या रीतीत आहे. काय सापडावे हे ठाऊक नसलेल्या माणसाला जे सापडते, त्याला वेगळे वजन असते.

आता पुन्हा मरे स्प्रिंग्जच्या काळ्या थराकडे वळणे इष्ट. फायरस्टोन यांच्या पुराव्याची उलटतपासणी २००९ पासून सुरू झाली. टॉड सुरोव्हेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी सात स्थळांची माती तपासली. त्यांतील दोन स्थळे फायरस्टोन यांच्याच यादीतली होती. त्यांना चुंबकीय गोळ्यांची ती वाढ कोठेही मिळाली नाही. त्याच वर्षी दुसऱ्या एका गटाने इरिडियम आणि ऑस्मियम मोजून पाहिले. अंतराळातील द्रव्याची खूण दिसली नाही. कार्बनच्या गोळ्यांचे प्रकरण तर काहीसे हास्यास्पद वळणावर गेले. त्यांतल्या पुष्कळशा गोळ्या म्हणजे जमिनीतील बुरशीच्या कठीण गाठी असल्याचे २०१० मध्ये दाखविण्यात आले. अतिसूक्ष्म हिऱ्यांबाबतही, ते हिरे नसून कार्बनचेच दुसरे स्फटिकरूप असल्याचा आक्षेप त्याच वर्षी आला.

येथवर वाचून एखाद्याला वाटेल की दावा निकालात निघाला. पण घाई दोन्ही बाजूंनी टाळली पाहिजे. २०१२ साली आणखी एका गटाने सुरोव्हेल यांनी तपासलेल्याच तीन स्थळांची माती पुन्हा घेतली आणि त्यांना गोळ्या मिळाल्या. सुरोव्हेल यांनी कण आकारानुसार नीट चाळले नाहीत आणि विद्युत्-सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले नाहीत, म्हणून त्यांना त्या दिसल्या नाहीत, असे या गटाचे म्हणणे पडले. हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नव्हता. फेरतपासणी हीही एक तपासणीच. तीही ढिसाळ असू शकते. ‘आम्हाला काही सापडले नाही’ या वाक्याचे मूल्य, किती काळजीपूर्वक शोधले यावरच ठरते.

मग प्रश्न वयाचा. डेव्हिड मेल्टझर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली आघाताच्या पुरस्कर्त्यांनी सांगितलेली २९ स्थळे एकेक करून पाहिली. थराचे वय १२,८०० वर्षांच्या आसपास असल्याचे विश्वासार्ह रीतीने सिद्ध होते, अशी त्यांतली फक्त तीन निघाली. उरलेल्यांपैकी कित्येक ठिकाणी थरात तथाकथित खुणा सापडल्या, म्हणून त्याचे वय तेवढे धरण्यात आले होते. ज्या गोष्टीने वय ठरवायचे तीच वयाने सिद्ध करायची, हा तर्कदोष बीजगणिताच्या उत्तरपत्रिकेत असता तर शिक्षकाने त्याला शून्य गुण दिले असते.

या साऱ्यात अधिक महत्त्वाची म्हणावी अशी परीक्षा टेक्सासमधील लबॉक लेक या पुरातत्त्वीय स्थळी झाली. तिचा वृत्तान्त व्हान्स हॉलिडे, सुरोव्हेल आणि आयलीन जॉन्सन यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केला. वादग्रस्त काळाचा थर, त्याच्या खालची आणि वरची माती असे नमुने घेण्यात आले. प्रत्येक नमुन्याचे सारखे भाग करून ते दोन वेगवेगळ्या ठिकाणी तपासणीला गेले. कोणता नमुना कोणत्या वयाचा हे तपासणाऱ्यांना उमगू नये, अशी ती परीक्षा होती. चुंबकीय कणांच्या मोजणीत दोन्ही ठिकाणचे आकडे बरेचसे जुळले आणि वादग्रस्त काळातच ते कण कमी असल्याचे दिसले. गोळ्या आणि सूक्ष्म हिरे यांचे निकाल अधिकच चक्रावून टाकणारे होते. एका ठिकाणी गोळ्या जवळजवळ मिळाल्याच नाहीत. दुसऱ्या ठिकाणीही बहुतेक नमुन्यांत त्या नगण्य होत्या. पण एका नमुन्यात गोळ्या आणि हिरे या दोहोंचे प्रमाण इतरांच्या शेकडो ते हजारो पटींनी अधिक निघाले. तो नमुना कोणता होता? साडेअकरा हजार वर्षांहून अलीकडचा. म्हणजे यंगर ड्रायस संपून गेल्यानंतरचा!

या निकालाचा अर्थ काय घ्यावा? एकतर १२,८०० वर्षांपूर्वीच्या आघाताखेरीज इतर कारणांनीही अशा गोळ्या मातीत येतात. किंवा गोळी कशाला म्हणावे याविषयी पाहणाऱ्यांत एकवाक्यता नाही. दोहोंपैकी काहीही खरे असले तरी, केवळ त्या खुणांच्या आधाराने आकाशातील संकटाचा निवाडा देता येत नाही. आघाताच्या पुरस्कर्त्यांचे निबंध त्यानंतरही येत राहिले. २०२३ साली हॉलिडे व इतरांनी विस्तृत समीक्षा लिहून सारा दावा अमान्य केला. वाद कडवट झाला आहे आणि दोन्हीकडे हेत्वारोप होतात, ही गोष्ट शोभादायक नाही. पण दावा करणाऱ्यावरच सिद्धतेचा भार असतो, हा संकेत येथेही लागू आहे आणि तो भार अद्याप उचलला गेलेला नाही, असेच म्हणणे भाग आहे.

याचा अर्थ असे काही घडणे अशक्यच होते, असा नव्हे. मरे स्प्रिंग्जचे उत्खनन करणारे व्हान्स हेन्स यांनी २०१० साली तेथील थर स्वतः तपासला. इरिडियमची वाढ आढळली नाही, व्यापक वणव्यांचा पुरावाही मिळाला नाही, असे त्यांच्या गटाने स्पष्ट लिहिले. आणि तरीही आपल्या निष्कर्षांमुळे हिमयुगाच्या शेवटी आकाशातून काही आलेच नाही असे ठरत नाही, अशी जोडही दिली. ग्रीनलंडच्या बर्फातील त्याच सुमाराच्या थरांत प्लॅटिनमची वाढ असल्याचे २०१३ साली प्रसिद्ध झाले आहे आणि तिच्या उगमाविषयी मतभेद आहेत.

दख्खनच्या लाव्हाची चौकशीही अजून चालूच आहे, आणि तीत मातीचाच आधार घेतला जातो. घाटातून जाताना रस्त्यासाठी कापलेल्या काळ्या कड्यात मधूनमधून तांबड्या मातीचे आडवे पट्टे दिसतात. एक लाव्हा थंड झाल्यावर दुसरा येईपर्यंतच्या विश्रांतीत ते तयार झाले. या पट्ट्यांतील झिरकॉनच्या कणांवरून एका गटाने, आणि खुद्द लाव्हाच्या खडकांवरून दुसऱ्याने काढलेली वये २०१९ साली ‘सायन्स’च्या एकाच अंकात प्रसिद्ध झाली. पहिल्याच्या मते लाव्हाचा एक मोठा उद्रेक आघाताच्या थोडा आधी झाला; दुसऱ्याच्या मते बहुतांश लाव्हा आघातानंतर वाहिला. दोन्ही गटांची मोजमापे बारकाईची आहेत, आणि दोन्ही अजून पडताळली जात आहेत.

हिमयुगाच्या शेवटच्या त्या कथित आघाताचे विवरही एकदा सापडल्यासारखे झाले होते. ग्रीनलंडमधील हियावाथा हिमनदीखाली ३१ किलोमीटर रुंदीचे विवर असल्याचे २०१८ मध्ये जाहीर झाले, तेव्हा हेच ते, असे अनेकांना वाटले. बर्फाखालून वाहत येणाऱ्या नदीच्या वाळूत धक्क्याच्या रेषा उमटलेले क्वार्ट्‌झचे कणही मिळाले होते. पुढे त्याच वाळूचे कण आणि आघाताच्या उष्णतेने वितळलेल्या खडकातील झिरकॉन यांचे वय काढण्यात आले. २०२२ साली निकाल प्रसिद्ध झाला. विवर आघाताचेच होते. त्याचे वय मात्र सुमारे ५ कोटी ८० लाख वर्षे निघाले.